एका वर्षाची अप्रेंटिस, तीन वर्षांची कॅन्युला

वैद्यकीय उपकरणांच्या रेग्युलेटरी, म्हणजे सरकारी परवाने आणि नियमांच्या, कामात नवख्या माणसाला तयार करायचं म्हटलं की पहिली अडचण वेळेची येते. उपकरणाचं डिझाइन पक्कं झाल्यापासून परवाना हातात पडेपर्यंत दीड-दोन वर्षं सहज जातात. परवाना आल्यावरही फाईल बंद होत नाही. बदल, तक्रारी, ऑडिट, लेबलं हे सगळं चालूच राहतं. पदवीधर अप्रेंटिसच्या हातात मात्र एकच वर्ष असतं. तिला एकाच उत्पादनाच्या मागे लावलं, तर वर्षअखेर तिने फक्त मधला तुकडा पाहिलेला असतो. आणि कुठल्याच उत्पादनाला जोडलं नाही, तर ती वर्षभर झेरॉक्स, स्कॅनिंग आणि पानांवर नंबर घालणं एवढंच करते. आमच्या व्यवसायात दुसरा प्रकार जास्त दिसतो, हे कबूल करायला हवं.

हे प्रकरण नाशिकजवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका मध्यम कारखान्याचं आहे. माल सगळा निर्जंतुक आणि एकदाच वापरून टाकायचा: इन्फ्यूजन सेट, एक्स्टेन्शन लाइन, आयव्ही कॅन्युला (सलाइनसाठी शिरेत घालायची बारीक नळी). रेग्युलेटरी विभागात माझ्यासह तीन माणसं. चौथी म्हणून ऑगस्टमध्ये एक बी. फार्म. झालेली मुलगी अप्रेंटिस म्हणून आली. तिचं नाव इथे देत नाही.

करार आणि पगार

1961 च्या अप्रेंटिस कायद्यात पदवीधर नंतर आले: 1973 च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे, आणि 2014 च्या दुरुस्तीनंतर इतर शाखांचे. 30 किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनेने मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यायचे, असं नियम सांगतात. आपल्या भागाचं काम मुंबईत शीवला असलेलं शिकाऊ प्रशिक्षण मंडळ पाहतं. करार सरकारी पोर्टलवर नोंदवावा लागतो. 2019 च्या नियमदुरुस्तीने पदवीधराचं किमान विद्यावेतन महिना 9,000 रुपये ठरलं आणि त्यातला निम्मा वाटा, कमाल 4,500 रुपये, केंद्र सरकार उचलत होतं. कायद्याच्या नजरेत अप्रेंटिस हा कामगार नसून प्रशिक्षणार्थी असतो, आणि वर्ष संपल्यावर त्याला कामावर घेण्याचं बंधन मालकावर नाही.

ही शेवटची गोष्ट मी पहिल्याच दिवशी तिला स्पष्ट सांगितली. बऱ्याच ठिकाणी ती सांगत नाहीत, "बघू पुढे" म्हणून टांगत ठेवतात आणि पोरं त्या आशेवर रविवारीही येतात. आम्ही किमान रकमेपेक्षा थोडं जास्त देत होतो. पण नाशिकमध्ये खोली भाड्याने घेऊन राहणाऱ्या मुलीला ते पुरतं असं मला कधीच वाटलं नाही.

तिने आठव्या सत्रात फार्मास्युटिकल रेग्युलेटरी सायन्स हा ऐच्छिक विषय घेतला होता. सीटीडीचे (औषधाच्या परवान्याच्या फाईलचा ठरलेला आराखडा) पाच मॉड्यूल पाठ, स्थिरता चाचणीचे झोन पाठ. उपकरणांबद्दल मात्र जवळजवळ काही नाही. तो दोष तिचा नव्हता. आपल्याकडे उपकरणं ही कायद्याने 'औषध' या व्याख्येतच बसवलेली आहेत. 2005 मध्ये आयव्ही कॅन्युलासह मोजकी उपकरणं अधिसूचित झाली, 2017 चे वैद्यकीय उपकरण नियम 1 जानेवारी 2018 पासून लागू झाले आणि 1 एप्रिल 2020 पासून सगळीच उपकरणं नियंत्रणाखाली आली. कमी जोखमीच्या अ आणि ब वर्गाला परवान्याची सक्ती ऑक्टोबर 2022 पासून, जास्त जोखमीच्या क आणि ड वर्गाला ऑक्टोबर 2023 पासून. अभ्यासक्रम इतक्या वेगाने बदलत नाहीत. कारखान्यांना माणसं मात्र लगेच लागली, आणि ती औषधांकडूनच आली.

वर्षाची आखणी

एका उत्पादनाची पूर्ण गोष्ट वर्षात बसत नाही हे धरूनच आम्ही आखणी केली. कारखान्यात कुठलं ना कुठलं उत्पादन कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर असतंच. तेव्हा तिला टप्पे वेगवेगळ्या उत्पादनांवर दाखवायचे. वर्गीकरण एकावर, चाचणी परवाना दुसऱ्यावर, परवान्यानंतरचा बदल तिसऱ्यावर, तक्रार चौथ्यावर. आणि एक उत्पादन असं, की ज्याची फाईल तिच्या हातून घडेल. ते होतं इंजेक्शन पोर्ट असलेली नवी आयव्ही कॅन्युला. वर्ग ब, म्हणजे अर्ज एमडी-3 या नमुन्यात, राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे, परवाना एमडी-5. शुल्क जागेचं 5,000 रुपये आणि प्रत्येक वेगळ्या उपकरणाचं 500. चाचणीपुरते नमुने बनवायचा एमडी-13 परवाना आधीच मिळालेला होता आणि व्हॅलिडेशनच्या बॅचेस निघाल्या होत्या. कागदावर पाहिलं तर डिसेंबरात फाईल जाईल, ऑडिट उन्हाळ्याआधी उरकेल आणि तिला सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं दिसेल, असं ते गणित होतं.

पहिले दोन महिने तिला आमच्या टेबलापाशी बसूच दिलं नाही. मालकांचं म्हणणं होतं, "अहो, ती फाईलचं काम शिकायला आलीय ना?" मी म्हटलं, फाईलचंच काम शिकतेय. डिव्हाइस मास्टर फाईलमध्ये (उपकरण कसं बनतं, कसं तपासलं याची परवान्यासाठीची फाईल) 'टिप फॉर्मिंग' अशी एक ओळ असते. त्या ओळीमागे स्वच्छ कक्षात बसलेली बाई असते. ती एफईपी या प्लास्टिकच्या नळीचं टोक साच्यात घालते, तापवते, काढते आणि भिंगाखाली धरून बघते की टोकाला तुसासारखा पापुद्रा राहिलाय का. राहिला तर तो शिरेत जाताना टोचतो. ही तपासणी शंभर टक्के नगांची आहे की नमुन्यावर, हे फाईलमध्ये लिहायचं असतं. ज्याने ती बाई पाहिली नाही तो जुन्या फाईलमधली ओळ उचलून चिकटवतो.

टिपिंगवरच्या ताईंनी तिला आठवडाभर शेजारी बसवलं. 18 गेज हिरवी, 20 गुलाबी, 22 निळी, 24 पिवळी (गेजचा आकडा वाढतो तशी नळी बारीक) हे रंग तिला पहिल्या दिवशीच पाठ झाले. पण 24 गेजच्या टोकात आणि 22 च्या टोकात सदोष नग ओळखायला डोळा किती वेगळा लागतो, हे ती नंतर तिच्या नोंदवहीत लिहीत होती. मला ती वही बघून बरं वाटलं. त्यात इंग्रजी व्याख्या नव्हत्या. 'ताई म्हणतात दुपारनंतर जास्त रिजेक्ट येतात' अशी वाक्यं होती.

माल निर्जंतुक करणाऱ्या इथिलीन ऑक्साइड गॅसच्या चेंबरपाशीही ती राहिली. गॅस आत सोडल्यावर आणि काढल्यावर पुढे मालाला हवा खायला ठेवतात, कारण उरलेला गॅस रुग्णाच्या अंगात जाता कामा नये. त्या अवशेषाच्या मर्यादा आयएसओ 10993 च्या सातव्या भागात आहेत. पुस्तकात वाचलेली मर्यादा आणि 'माल आज सोडा' म्हणून डिस्पॅचवाल्याने लावलेला तगादा, हे दोन्ही एकाच खोलीत तिने पाहिलं.

ऑक्टोबरपासून टेबल. वर्गीकरणाची टिपणं, आवश्यक तत्त्वांचा तक्ता, जोखीम व्यवस्थापनाची फाईल, लेबलवर काय असायलाच हवं त्याची तपासणी. यातलं बरंचसं काम कंटाळवाणं असतं आणि त्यावर इथे जास्त लिहीत नाही. एक तक्रार तिला हाताळायला दिली: एका दवाखान्यातून हबपाशी (नळी ज्यात बसवतात तो प्लास्टिकचा भाग) गळती होत असल्याचं कळलं होतं. लॉट नंबरवरून राखीव नमुना काढणं, तो माल कुठल्या वितरकाकडे गेला हे शोधणं, हे सगळं तिने केलं. गंभीर दुष्परिणामाचा संशय असेल तर 15 दिवसांत परवाना अधिकाऱ्याला कळवावं लागतं; ही तक्रार त्या पातळीची नव्हती, पण घड्याळ कधी सुरू होतं हे तिला कळलं. माग काढण्याला एवढं महत्त्व का, म्हणून तिला एएसआर या कृत्रिम खुब्याच्या सांध्याचं (हिप इम्प्लांट) प्रकरण वाचायला दिलं. 2010 मध्ये जगभरातून ते माघारी घेतलं गेलं. भारतात सुमारे 4,700 रुग्णांना ते बसवलेलं होतं आणि त्यातल्या बहुतेकांचा पत्ताच लागला नाही. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने ते लावून धरलं नसतं तर आपल्याकडे त्याची चर्चाही झाली नसती, असं मला वाटतं.

112 दिवस

डिसेंबरात कॅन्युलाची फाईल जवळजवळ तयार होती. शेल्फ लाइफ, म्हणजे माल वापरायोग्य राहण्याचा काळ, तीन वर्षं. नियमांप्रमाणे ती साधारण 60 महिन्यांच्या वर नसते, त्यामुळे तीन वर्षांत कोणाला काही वावगं वाटलं नाही. आधाराला वेगवर्धित एजिंगचा (जास्त तापमानात ठेवून माल लवकर जुना करण्याच्या चाचणीचा) अहवाल होता: पाउचसकट नमुने 55 अंश सेल्सिअसला 112 दिवस ठेवले, नंतर सीलची सोलण्याची ताकद, रंगद्रव्याने गळती, निर्जंतुकता, नळी आणि हबच्या जोडाची ताकद असं सगळं तपासलं. सगळं पास. अहवालावर बाहेरच्या प्रयोगशाळेचा शिक्का.

तिला काम दिलं होतं फक्त अहवालातले आकडे मास्टर फाईलच्या तक्त्यात भरण्याचं. तिने ते भरले आणि तक्ता घेऊन माझ्यापाशी आली.

"सर, 112 दिवसांचे तीन वर्षं कसे होतात?"

मी सूत्र सांगितलं. तापमान दर दहा अंशांनी वाढलं की झीज दुप्पट होते असं धरायचं. एजिंगचं तापमान वजा साठवणीचं तापमान, भागिले दहा, तेवढा दोनाचा घात. एएसटीएमचं एफ1980 हे मानक हेच वापरतं.

"ते कळलं. पण साठवणीचं 22 धरलंय. लेबलवर आपण '30 अंशांखाली ठेवा' लिहितोय."

तिने गणित आधीच मांडून आणलं होतं. 22 धरलं की गुणक येतो 9.85, आणि तीन वर्षांचे 1,095 दिवस 111 दिवसांत संपतात, म्हणून 112. 25 धरलं तर गुणक 8, लागतात 137 दिवस. 30 धरलं तर गुणक 5.66, लागतात 194. उलट बाजूने बघायचं तर 55 अंशांचे 112 दिवस म्हणजे 30 अंशांचे 634 दिवस, जेमतेम 21 महिने. तीन वर्षांचा दावा आणि 21 महिन्यांचा आधार.

22 कुठून आलं हे शोधायला वेळ लागला नाही. प्रोटोकॉल एका सल्लागाराने जुन्या निर्यातीच्या फाईलवरून बनवला होता. तो माल थंड देशात जाणार होता, तिथे 22 बरोबरच होतं. आकडा तसाच पुढे आला. प्रयोगशाळेने प्रोटोकॉलप्रमाणे काम केलं. कोणी खोटं लिहिलेलं नव्हतं.

मी तिला म्हटलं, नुसतं 30 म्हणू नकोस. आपला माल खरंच किती तापतो ते बघून ये. ती तयार मालाच्या गोदामात गेली आणि वर्षभराची तापमानाची नोंद काढून घेऊन आली. इथे तिचं बी. फार्म. कामाला आलं. औषधांच्या साठवणीत सरळ सरासरी न काढता गरम दिवसांना जास्त वजन देणारं मीन कायनेटिक टेम्परेचर काढतात, ते तिला येत होतं. अभियांत्रिकीवाल्यांपैकी कोणाला ते आठवत नव्हतं. तिचा आकडा आला 27 च्या आसपास. 27 धरलं तर गुणक 6.96 आणि 112 दिवसांचे होतात 780, म्हणजे दोन वर्षांपेक्षा थोडे जास्त.

मला वाटलं प्रश्न सुटला. दोन वर्षं लिहू आणि पुढे जाऊ. पण ती गोदामातून आणखी एक गोष्ट घेऊन आली होती. लॉगर, म्हणजे तापमान नोंदणारं यंत्र, मधल्या खांबावर, माणसाच्या छातीच्या उंचीवर लावलेला. तिने गोदाम सांभाळणाऱ्या काकांना विचारलं, इथेच का?

"ऑडिटवाल्यांना आत आल्या आल्या दिसावा म्हणून, मॅडम. माल असतोय वरच्या रॅकला. मे महिन्यात शिडी लावून वर या, खोक्याला हात लावा. गरम लागतंय."

गोदामाचं तापमान मॅपिंग (कुठल्या जागी किती तापतं याची मोजणी) झालेलं होतं, पण डिसेंबरात. उन्हाळ्यातलं नव्हतंच. म्हणजे 27 हा मधल्या खांबाचा आकडा होता, वरच्या रॅकचा नव्हे. आणि आपल्या गोदामानंतर माल जिथे जातो त्या अकोल्याच्या वितरकाचं पत्र्याचं गोदाम तर या हिशेबात कुठेच नव्हतं.

बैठक

जानेवारीत बैठक झाली. तिने मांडावं असं मी ठरवलं होतं. एका पानाची नोंद, त्यात चार ओळींचा तक्ता: 22, 25, 27, 30, गुणक, तीन वर्षांना लागणारे दिवस, 112 दिवसांत किती महिने भागतात. नोंदीत 'चूक' हा शब्द नको असं मी आधीच सांगितलं होतं, कारण तो दिसला की माणसं आकड्यांकडे बघायचं सोडून एकमेकांकडे बघतात.

विक्रीप्रमुखांचा मुद्दा सरळ होता. बाजारात सगळ्यांच्या पाउचवर तीन वर्षं किंवा त्याहून जास्त छापलेलं असतं. सरकारी निविदांमध्ये पुरवठ्याच्या वेळी किती आयुष्य शिल्लक हवं याची अट असते. 21 महिन्यांचाच आधार म्हणून 18 महिन्यांची कॅन्युला घेऊन गेलो तर त्यातले काही महिने निर्जंतुकीकरण, चाचणी आणि वाहतुकीतच जातील आणि निविदेत बसायची पंचाईत होईल.

गुणवत्ताप्रमुखांचा मुद्दा जास्त वजनदार होता. साठवणीचं तापमान 20 ते 25 धरण्याची पद्धत सर्वमान्य आहे, 22 त्यात बसतं. शिवाय दर दहा अंशांना दुप्पट हा आकडा मुळात सावध आहे. खरी झीज बहुधा त्याहून कमी असते. नमुने सगळे पास झालेत. रिअल टाइम एजिंगचे (नेहमीच्या तापमानात खरोखर तेवढा काळ ठेवायचे) नमुनेही त्याच वेळी ठेवलेत, ते पुढे पुरावा देतीलच. ऑडिटर हा अहवाल चालवून घेईल.

हे सगळं खरं होतं, आणि म्हणूनच हे प्रकरण शिकण्यासारखं आहे. नियामक कामातले बहुतेक वाद खरं आणि खोटं यांच्यात नसतात. दोन्ही बाजूंना आधार असतो. ऑडिटर चालवून घेईल की नाही, यावर फाईल लिहायची नसते. त्याने 'हे 22 कुठून घेतलं?' विचारलं तर फाईलमध्येच उत्तर हवं, आणि आमच्याकडे उत्तर होतं 'जुन्या फाईलमधून'. 25 धरलं असतं तर त्या पद्धतीतलं सगळ्यात सावध टोक धरलं असं म्हणता आलं असतं, तरीही 137 दिवस लागले असते. लेबलवर 30 छापणाऱ्याने 30 धरावं, हे तर शाळेतल्या पोरालाही पटेल.

मालकांनी तिला थेट विचारलं, "मग तुझं काय म्हणणं? 18 लिहायचं?"

ती गडबडली. मग म्हणाली, "सर, 18 लिहिलं आणि नंतर वाढवायचं म्हटलं तर तो मोठा बदल होतो. आधी परवानगी लागते." उपकरण नियमांचं सहावं परिशिष्ट तिने वाचलेलं होतं. मंजूर शेल्फ लाइफमधला बदल हा मोठ्या बदलांच्या यादीत आहे. छोटा बदल नुसता 30 दिवसांत कळवून भागतो, मोठा भागत नाही. म्हणजे आज घाईने कमी लिहिलं तर उद्या पुन्हा तीच रांग, आणि आज जास्त लिहिलं तर पाउचवरची तारीख पुराव्याविना.

ठरलं ते असं. 30 अंश धरून 24 महिन्यांना 129 दिवस लागतात. नवे नमुने 55 अंशांवर 130 दिवस ठेवायचे, त्यानंतर सगळ्या चाचण्या, आणि दोन वर्षांचा दावा करून अर्ज करायचा. रिअल टाइमचे नमुने 36 महिन्यांपर्यंत चालू ठेवायचे. ते पास झाले की तीन वर्षांसाठी मोठ्या बदलाचा अर्ज. विक्रीप्रमुख नाराजीने का होईना, पण दोन वर्षांवर राजी झाले. एप्रिल-मेमध्ये गोदामाचं मॅपिंग पुन्हा करायचं, या वेळी वरच्या रॅकसह. प्रोटोकॉलच्या नमुन्यात साठवणीच्या तापमानाची जागा रिकामी ठेवायची आणि तिथे कारण लिहिल्याशिवाय सही करायची नाही, हा बदल गुणवत्ताप्रमुखांनी स्वतःहून सुचवला.

त्याची किंमत

नमुने जानेवारीअखेर चेंबरमध्ये गेले. 130 दिवस म्हणजे जूनचा पहिला आठवडा. पुढे निर्जंतुकता चाचणीलाच 14 दिवस लागतात. बाकीच्या चाचण्या, अहवाल, सह्या. अर्ज जुलैत जाणार. तिचा करार संपणार जुलैअखेर. अर्जाच्या तारखेपासून 90 दिवसांत नोटिफाइड बॉडीने (ऑडिटसाठी सरकारकडे नोंदलेली संस्था) ऑडिट करायचं असतं. ते तिच्या जाण्यानंतर. म्हणजे तिने काढलेल्या शंकेमुळेच तिला तिच्या फाईलचा शेवट दिसणार नव्हता.

हे तिच्या लक्षात बैठकीतच आलं होतं की नाही, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. पण आखणी बदलावी लागली. फेब्रुवारीत आयएसओ 13485 चं, म्हणजे उपकरण कारखान्यांच्या गुणवत्ता व्यवस्थेच्या मानकाचं, देखरेख ऑडिट होतं. मुळात ती त्यात नव्हती, तिला तिथे घातलं. दोन दिवस ऑडिटर जे कागद मागेल ते शोधून आणणं, आणि प्रत्येक प्रश्न शब्दशः लिहून घेणं, एवढंच काम. ऑडिट म्हणजे काय हे कळायला ते पुरेसं आहे. ऑडिटरने पहिल्याच तासात गोदामाचं मॅपिंग मागितलं. आम्ही डिसेंबरचं दिलं आणि उन्हाळ्याचं नियोजन दाखवलं. त्याने ते नोंदवलं, निरीक्षण म्हणून, त्रुटी म्हणून नाही. आधी ठरवून ठेवलं नसतं तर ती त्रुटीच झाली असती.

मार्च ते मे तिने एका इन्फ्यूजन सेटच्या लेबलातल्या बदलाचं काम केलं आणि निर्यातीच्या एका फाईलवर आलेल्या परदेशी प्रश्नांची उत्तरं तयार केली. प्रश्न सतरा होते. त्यातल्या बारांची उत्तरं आधीच फाईलमध्ये होती, फक्त प्रश्न विचारणाऱ्याला सापडतील अशा जागी नव्हती. पान नंबर देऊन उत्तर लिहिणं हे कौशल्य कोणी शिकवत नाही, पण या धंद्यातला निम्मा वेळ त्यातच जातो.

मे महिन्यात वरच्या रॅकवर लॉगर लावले. आकडे इथे देत नाही, पण काकांचं म्हणणं खरं निघालं. छताला आतून उष्णतारोधक थर आणि दोन पंखे, असा खर्च मंजूर झाला. खरं तर एका अप्रेंटिसच्या वर्षभराच्या विद्यावेतनापेक्षा तो बराच जास्त होता.

नवे नमुने पास झाले. अर्ज जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पोर्टलवर चढला, ती तेव्हा होती. सगळी परिशिष्टं तिने चढवली आणि शेवटचं बटण दाबायच्या आधी लेबलचं चित्र आणि मास्टर फाईलमधला शेल्फ लाइफचा आकडा पुन्हा एकदा जुळवून पाहिला. लेबलच्या एका जुन्या आवृत्तीवर 36 तसंच राहिलं होतं. ती आवृत्ती काढून नवी घातली.

नंतर

आम्ही तिला कनिष्ठ अधिकारी म्हणून घ्यायला तयार होतो. तोपर्यंत तिला पुण्यातल्या एका कंपनीत जागा मिळाली, युरोपच्या 2017/745 या उपकरण नियमावलीखालच्या तांत्रिक फाईली लिहिण्याची. पगार आमच्या दीडपट. मुलाखतीत तिने 112 दिवसांचं प्रकरण सांगितलं, असं ती नंतर फोनवर म्हणाली. त्यांनी तिला कागद देऊन गणित करायला लावलं. मी तिला थांब म्हटलं नाही. छोट्या कारखान्यांनी माणसं तयार करायची आणि मोठ्यांनी ती उचलायची, हे आपल्याकडे चालूच आहे. त्यावर तक्रार करायची तर मग विद्यावेतन आणि पगार यांच्यावर आधी बोलावं लागेल.

ऑडिट सप्टेंबरात झालं. ऑडिटरने एजिंगच्या अहवालावर एकच प्रश्न विचारला, 30 का धरलं. मी लेबल दाखवलं, आणि तिने केलेला तक्ता. परवाना दिवाळीनंतर आला.

आता दुसरा अप्रेंटिस आलाय, बायोमेडिकलचा मुलगा. त्याच्यासाठी आखणीत तीन गोष्टी बदलल्या आहेत. मजल्यावरचे दोन महिने तसेच, पण त्यात गोदामाचा एक आठवडा वाढवलाय, तोही शक्यतो उन्हाळ्यात, म्हणजे सुरुवातीला न जमलं तर मध्येच. देखरेख ऑडिटच्या तारखा पाहूनच कराराची सुरुवात ठरवली, म्हणजे त्याला किमान एक ऑडिट नक्की मिळेल. आणि ज्या उत्पादनाची फाईल त्याच्याकडे दिली आहे, त्याचं एजिंग आधीच पूर्ण झालेलं आहे. विद्यावेतन वाढवण्याचा प्रस्ताव मी एप्रिलमध्ये दिलाय. त्यावर अजून सही झालेली नाही.